जरा बाजूने चाला, आजोबा!

२०२५ च्या फेब्रुवारीत एका सकाळी, सात-सव्वासातच्या सुमारास, कर्वे रस्त्याच्या फुटपाथवर एका सायकलने मला आडवे केले. मोटारीने नव्हे, ट्रकने नव्हे, सायकलने! माझा जन्म पुण्याचा, शिक्षण पुण्याचे, नोकरीही पुण्यातच झाली. अशा माणसाला सायकलने पाडावे म्हणजे घरच्याच जावयाने उंबऱ्यात धक्का द्यावा तसे झाले.

लागले फारसे नाही. उजवा गुडघा सोलवटला, मनगट सुजले आणि हातातली दुधाची पिशवी फुटून विजारीवर दुग्धाभिषेक झाला. दवाखान्यात फोटो काढला, हाड शाबूत निघाले. डॉक्टर म्हणाले, "ब्याऐंशी संपून त्र्याऐंशीवं लागलंय ना? खुब्याचं हाड वाचलं हे नशीब समजा." घरी मात्र हलकल्लोळ झाला. चिरंजीवांनी तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर खरमरीत मजकूर टाकला: फुटपाथवर सायकल चालवणाऱ्यांची हवा सोडून द्यावी, जागेवर दंड करावा, वगैरे. त्याला एकोणीस जणांनी अंगठे दाखवले. (पूर्वी अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे असे, हल्ली ती पसंती असते.) त्यातल्या निम्म्या जणांच्या स्कूटर त्याच फुटपाथवर उभ्या असतात. दूध आणायला उतरताना आमचे चिरंजीवही गाडी तिथेच लावतात, पण ती 'दोन मिनिटांसाठी'.

सगळे रागावले होते. मला मात्र रागावता येत नव्हते. त्याचे कारण पासष्ट वर्षांपूर्वीचे आहे आणि ते मी घरात कोणाला कधी सांगितले नव्हते. सौभाग्यवतींनाही नाही.

१९६० साल. मी अठरा वर्षांचा, कॉलेजात पहिल्या वर्षाला. आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेत. घरात एकच सायकल, वडिलांची हिरवी रॅले. ती संध्याकाळी त्यांच्या कचेरीतून परतली की माझ्या वाट्याला येई. आजच्या तरुण वाचकांना सांगून खरे वाटणार नाही, पण तेव्हा पुण्याच्या रस्त्याचा खरा मालक सायकलवाला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढाच्या लोंढा शहरात शिरे, कॅरिअरला डबे खडखडत. सकाळी शाळेला निघालेल्या मुलींच्या सायकली असत, पातळ अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बांधलेल्या. प्रोफेसर सायकलवर, भटजी सायकलवर, दूधवाला दोन्ही बाजूंना बरण्या लटकावून सायकलवर. मोटार आली तर ती घंटी ऐकून बाजूला होईल, अशा थाटात आम्ही चालवत असू.

पुण्याला महानगरपालिका आली १९५० साली. पण सायकलवाल्याला नगरपालिका काय अन् महानगरपालिका काय, दर्शन एकाच रूपात घडे. ते म्हणजे बिल्ला. दरसाल पैसे भरून बिल्ला घ्यायचा आणि सायकलीला अडकवायचा. दुसरा नियम दिव्याचा, तिसरा डबलसीटचा. पुण्याचा पोलीस आणि पुण्याचा कॉलेजकुमार यांचे सारे नाते या तीन नियमांत सामावलेले होते. समोरून येणारा अनोळखी सायकलवाला जाता जाता पुटपुटे, "चौकात मामा आहे," आणि त्याबरोबर मागे बसलेला उतरून साळसूदपणे चालू लागे.

आमच्या सायकलीला दिवा होता तो रॉकेलचा. डायनॅमोने सायकल जड चालते, असे वडिलांचे मत. किंमतही जड होती हे त्यांनी कधी सांगितले नाही. तो दिवा खड्ड्यात विझे, वाऱ्यात विझे, कधी कधी नुसत्या लहरीने विझे. ऑगस्टातल्या एका रात्री केळकर रस्त्यावर तो असाच विझला. पावसाची भुरभुर होती, खिशात काडेपेटी नव्हती आणि पुढच्या चौकात पोलीस उभा दिसत होता. उतरून चालत जाणे हा सरळ मार्ग होता. पण अठराव्या वर्षी सरळ मार्ग सुचत नाही. मी अंधाऱ्या बाजूने फुटपाथवर चढलो. मान खाली, नजर पोलिसावर.

पुढे एक म्हातारे गृहस्थ चालले होते. धोतर, काळा कोट, हातात तेलाची बरणी. माझे पुढचे चाक त्यांच्या पोटरीवर बसले. ते हातांवर पडले, बरणी फुटली, चष्मा कुठेतरी गेला. अंधारात चाचपडत ते एवढेच म्हणाले, "अरे, घंटी तरी वाजवायचीस!"

घंटी वाजवायची कशी? पोलिसाने ऐकली असती!

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जरा बाजूनं चालता येत नाही, आजोबा?"

एवढे बोलून, सायकल फिरवून, मी पळालो. चष्मासुद्धा शोधून दिला नाही. वळताना मागे पाहिले तेव्हा ते भिंतीला धरून एका वाड्याच्या दिंडीदरवाजात शिरत होते. त्यानंतर कितीतरी महिने मी केळकर रस्ता टाळून लक्ष्मी रस्त्याने जाई. एकदा ते मला अप्पा बळवंत चौकात दिसले. डावा हात गळ्यात अडकवलेला होता. मी पुस्तकांच्या एका दुकानात शिरलो आणि नको असलेले व्याकरण चाळत पाव तास उभा राहिलो.

आज जाऊ, उद्या जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊन पाय धरू, असे चालले होते. परीक्षा झाली, सुटी संपली आणि १२ जुलै १९६१ उजाडला. सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून गेले. नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात ढेकूळ विरघळावे तसे बसले. आठवड्याने मी तिथे गेलो तेव्हा त्या दिंडीदरवाजाच्या जागी चिखलाचा ढीग होता आणि त्यावर एक तांब्याचा हंडा उलटा पडलेला होता. वाड्यातली माणसे वेळेवर बाहेर पडली, असे शेजारच्या दुकानदाराने सांगितले. कुठे गेली, ते त्यालाही ठाऊक नव्हते. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर वसले तेव्हा मी तिथे दोनदा चक्कर मारली. पण नाव माहीत नसलेल्या माणसाचा पत्ता विचारायचा कसा? 'एका म्हाताऱ्याला मी पाडले होते, ते इथे राहतात का?'

असो.

आता फेब्रुवारीतल्या सकाळकडे येतो. मला पाडणारा पळाला नाही. पन्नाशीचा माणूस, अंगावर वॉचमनचा निळा गणवेश, त्यावर मफलर. त्याने सायकल तशीच टाकली, मला दोन्ही काखांत धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवले आणि स्वतःच्या बाटलीतले पाणी पाजले. "बाबा, माझं चुकलं. घंटी हाय, वाजवली न्हाई. डोळा लागत व्हता."

एरंडवण्यातल्या एका इमारतीवर त्याची रात्रपाळी. बारा तास. ती संपवून तो वारज्याला खोलीवर चालला होता. मूळ गाव परभणीकडले. मी मास्तर असल्याने पडल्या पडल्याही प्रश्न विचारण्याची खोड जात नाही. विचारले, "अहो, एवढा मोठा रस्ता सोडून फुटपाथवर कशाला चढता?"

त्याने बाही वर केली. दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत एक जुना, वाळलेला ओरखडा होता. "मागल्या दिवाळीला टेंपोचा आरसा लागला. मी पडलो, टेंपो थांबला बी न्हाई. तवापासून खाली उतरायची भ्याच वाटती."

मग तो शेजारून नवी दुधाची पिशवी घेऊन आला. पैसे देऊ लागलो तर घेईना. एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने मला धरून त्याने दारापर्यंत पोचवले. लिफ्टच्या दाराशी वहाणा काढू लागला तेव्हा मलाच कसेसे झाले.

मी छत्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. गुडघ्याला पट्टी बांधून घरी बसलो होतो तेव्हा जुन्या सवयीने हिशेब मांडला. सायकल आणि स्वार मिळून वजन धरा ८५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. मोटारीचे वजन १२०० किलो, वेग ताशी ४०. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो; त्यामुळे मोटारीच्या अंगातली ऊर्जा सायकलीच्या सुमारे शंभरपट भरते. म्हणजे न्यायाने पाहिले तर पायी चालणाऱ्याने शंभर शिव्या मोटारीला द्याव्यात आणि एक सायकलीला. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यांत ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर काय आले असेल, हे सांगायला गणित नको. तरीही आमच्या सकाळच्या बाकावर विषय निघतो तो सायकलवाल्याचा.

याचे कारण मला वाटते कान. पायी चालणारा माणूस मागे डोळ्यांनी पाहत नाही, कानांनी पाहतो. मोटार, रिक्षा, स्कूटर यांची वर्दी आधी येते; शिव्या देत देत का होईना, आपण सरकतो. सायकल मांजराच्या पावलाने येते आणि कोपराला वारा लागतो तेव्हाच कळते. म्हातारपणी तो वारासुद्धा पुरे होतो. न लागलेला धक्काही छातीत धडधड ठेवून जातो आणि दुसऱ्या दिवशी माणूस फिरायलाच बाहेर पडत नाही. ही भीती खोटी नाही. तिला 'म्हाताऱ्यांची किरकिर' म्हणणाऱ्याने एकदा ऐंशी वर्षांचे गुडघे लावून चालून पाहावे.

उलट सायकलवाल्याचे दुःख पायी चालणाऱ्याला कळत नाही. थांबणे त्याच्या जिवावर येते. मोटारवाला ब्रेक लावतो आणि पुन्हा वेग घेतो तो पेट्रोलच्या जिवावर; सायकलवाल्याला तो वेग पुन्हा आपल्याच मांड्यांतून काढावा लागतो. म्हणून तो सिग्नलला पाय टेकायला कुरकुरतो, वळणावर वेग सोडत नाही, माणसांच्या फटीतून वाट काढतो. बरे, फार हळूही त्याला चालवता येत नाही. वेग उतरला की हँडल वळवळू लागते. चालत्या माणसाच्या वेगाने, म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटरने, सायकल सरळ रेषेत चालवणे ही सर्कशीतली कसरत आहे. तेव्हा 'फुटपाथवर आमच्या वेगाने चालवा' म्हणणे म्हणजे 'उतरून चाला' म्हणणे. बारा तास खुर्चीवर जागून काढलेल्या माणसाला तेवढे उतरणेही डोंगराएवढे वाटते.

दोघेही भांडतात ते रस्त्याच्या कडेच्या चार हात पट्टीसाठी. ती चारच हात का उरली, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती आखडली, आणि तिच्या आखडण्यात माझाही हात आहे. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये 'चेतक' आली, त्याच वर्षी फिरोदियांची 'लूना' आली. लूना म्हणजे मोटर बसवलेली सायकलच, पायडल मारून सुरू होणारी. पुण्याच्या मास्तर-कारकुनांना ती सायकलीचीच थोरली बहीण वाटली आणि आम्ही सगळे एकेक करून तिच्यावर बसलो. मीही बसलो. वडिलांची रॅले जिन्याखाली गेली, तिथून भंगारात गेली. लूनावरून स्कूटर, स्कूटरवरून मोटार. प्रत्येक पायरीला आम्हांला जागा थोडी जास्त लागली आणि रस्ता रुंद करायचा म्हटला की फुटपाथवर कुदळ पडली. उरलेल्या पट्टीवर आता झाडाचे आळे असते, विजेची पेटी असते, केबलच्या चरावरची उसवलेली फरशी असते, कुठे मेट्रोच्या स्थानकाचा जिना उतरलेला असतो. आणि जिथे काहीच नसते तिथे आमच्या चिरंजीवांची 'दोन मिनिटे' असतात.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००६-०७ च्या सुमारास सातारा रस्त्यावर बीआरटी आली, तिच्या कडेने सायकलींसाठी वेगळी वाट आली. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ पुढे खरोखरच ऐसपैस झाले. तिथे बसायला बाकही आहेत. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास पिवळ्या-नारिंगी भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलने कुलूप उघडा, हवे तिथे जा, हवे तिथे सोडा. लोकांनी त्या हवे तिथे सोडल्या, म्हणजे अर्थातच फुटपाथवर! दीड-दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या लहानपणी तासाला दोन आणे घेऊन सायकल देणारा दुकानदार ती परत आल्याशिवाय वहीतले नाव खोडत नसे. मुलगा पळून गेलाच तर संध्याकाळी त्याच्या बापाच्या दारात उभा राही.

कायद्याचे म्हणाल तर १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलीला मोटार वाहन मानत नाही, त्यामुळे परवाना नको, नंबर नको. बिल्लाही कधीचा गेला. बिल्ला होता तेव्हा निदान नगरपालिकेच्या वहीत सायकलवाल्याची एक ओळ असे. पायी चालणाऱ्याची बाजू मात्र आता भक्कम झाली आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सौभाग्यवती म्हणाल्या, "छान झालं. आता कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला दाखवून या."

सौभाग्यवतींवरून आठवले. पडलो त्याच रात्री मी त्यांना केळकर रस्त्याची हकीगत सांगितली. चिरंजीवांचा तो मजकूर वाचून झाला होता, दिवा मालवला होता. अंधारात सांगणे सोपे जाते. बोलून झाल्यावर बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. वाटले, झोप लागली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे म्हणून तुम्ही मला कधी केळकर रस्त्यानं नेत नव्हता! लग्न झाल्यापासून बघतेय, माझ्या माहेरी जायला तीच वाट जवळची, तरी लक्ष्मी रस्त्यानं वळसा. मला वाटायचं, दुकानं दाखवायला नेताय."

मग जरा वेळाने, "त्यांना मुलगाबिलगा असेल का हो?"

मला ते माहीत नव्हते. आजही माहीत नाही. असता तर तोही आता माझ्याच वयाचा असेल.

सकाळी त्यांनी चिरंजीवांना काय सांगितले कोण जाणे, पण दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवरचा मजकूर गेला होता. गाडी मात्र अजून फुटपाथवरच लागते.

वॉचमनची आणि माझी आता ओळख झाली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी सकाळी गाठ पडते. आता तो लांबून घंटी वाजवतो, कधी कधी इतकी, की माझ्या पुढचे तिघेजण दचकून बाजूला होतात. मी त्याला एकदा मास्तरकीच्या सुरात सांगितले होते, की गर्दी असेल तिथे फुटपाथवर उतरून चालावे. चार पावलांचा प्रश्न असतो. त्याने मान डोलावली होती. माझी मुलेही वर्गात अशीच मान डोलवीत.

परवा गणपतीनंतरच्या आठवड्यात तो समोरून आला तो सायकल हातात धरून, अगदी कडेकडेने, चालत. मला फार बरे वाटले. मी थांबलो, म्हटले, "वा! उतरलात का?"

"व्हय बाबा," तो म्हणाला, "पंक्चर हाय. दुकान नऊला उघडतंय."